तळ्यातला दगड

आमच्या वाशीच्या ऑफिसातला शिपाई तळवली गावचा. दाराजवळच्या काचेच्या टाकीत बोटाएवढा एक मासा दिवसभर काचेला तोंड चिकटवून शेवाळ खरवडत असे. शिपाई त्याच्यासमोरच डबा उघडायचा.

"यो शिंगाल्याच्या जातीचा, पन गरीब हाय, काटा नाय मारत," म्हणायचा.

टाकीतलं शेवाळ संपलं की माशाचं पोट खपाटीला जाई. मग शिपाई गावच्या तळ्यातला शेवाळलेला दगड आणून आत सोडायचा.

नव्या इमारतींसाठी ते तळं बुजवायला घेतलं, तेव्हा त्यानं शेवटचा दगड आणला. माशाला मात्र पालकाचं उकडलेलं पान दिलं. दगड तळ्याच्याच पाण्यात, बरणीत घालून खिडकीत उन्हाला ठेवला.

मी बरणीकडे बोट केलं.

"यो नाय देनार त्याला," तो म्हणाला.

त्या दिवसापासून तो टाकीकडे पाठ करून, बरणीसमोर जेवू लागला.