मागचा लोखंडी जिना

जळून मेलं तरी चालेल पण बाटायचं नाही, असं मानणाऱ्या लोकांच्या बिल्डिंगीत माझी ताई राहते. मंडळासाठी मी पत्रकं लिहितो, त्यात हे वाक्य घातलं असतं तर तिथल्या मोठ्यांनी खोडलं असतं. "लय भडक होते, बापा," म्हणाले असते. इथं खोडायला कोणी नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकतो.

बिल्डिंग बालाघाटात, राइस मिलांच्या अलीकडे. एका मिलवाल्या सेठनेच बांधलेली. तळमजला आणि वर दोन माळे, दर माळ्यावर समोरासमोर दोन बिऱ्हाडं. गावात अशी उंच इमारत नवलाचीच, कोर्टात तारखेला आलेले खेड्यातले लोक मान वर करून बघत उभे राहायचे. बिऱ्हाडं सगळी बाबू लोकांची. कोणी कचेरीत, कोणी पोस्टात, कोणी शाळेत. भाऊजीही कचेरीत कारकून. आम्ही बौद्ध, तरी तिथं जागा मिळाली, ती सेठ सुधारक होता म्हणून नाही. सगळ्यात वरचा माळा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो, तिथल्या एका बिऱ्हाडात कोणी टिकत नव्हतं आणि सेठला रिकामी खोली बघवत नव्हती, म्हणून.

बिल्डिंगीला दोन जिने. पुढचा सिमेंटचा, माणसांचा. मागचा लोखंडी, गोल फिरत जाणारा, संडास साफ करणाऱ्या बाईचा. बिल्डिंगीतले तिला मेहतरीण म्हणतात, मी बाई म्हणतो. सकाळी ती टोपली घेऊन मागच्या बोळातून येते, दर माळ्यावरची घाण काढते, डोक्यावर घेऊन उतरते. आपली घाण दुसऱ्याच्या डोक्यावर चढवायची आणि वर त्याच माणसाची किळस करायची! बाई ज्या कठड्याला धरते त्याला बिल्डिंगीतलं कोणी बोट लावत नाही. पोराचा चेंडू त्या जिन्यावर गेला तर चेंडू गेला म्हणून समजायचं.

त्या जिन्याला खाली पत्र्याचं दार. बाई गेली की दाराला साखळी आणि कुलूप. चाबी तळमजल्यावरच्या बडे बाबूंकडे. बडे बाबू म्हणजे कचेरीतले हेडक्लार्क, भाऊजींचे साहेबच म्हणा. चाबी त्यांच्याकडे, पण घरात नाही. त्या कुलपाला लागलेली चाबी घरात कशी न्यायची? तिच्यासाठी बाहेर ओट्याच्या खांबाला खिळा होता. सकाळी बडे बाबू कागदाच्या घडीत ती चाबी धरून कुलूप उघडायचे. एकदा मी नीट बघितलं. कागद माझ्या पत्रकाचा होता. माणसं सगळी समान, असं वर मोठ्या टायपात छापलेलं.

"बडे बाबू, कागद मस्त कामी आला न आमचा," मी म्हटलं.

"अरे नेताजी, फेकण्यापेक्षा बरं! कागज अच्छा रहता है तुम लोगों का," ते हसून म्हणाले.

आता पुढच्या जिन्याचं सांगतो. मिलांमुळे धानाचा भुसा गावात हवा तेवढा, आणि घरोघर भुशाची शेगडी. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा दाबून दाबून भरायचा, बाटली हळूच काढून घ्यायची आणि त्या भोकात आग लावायची. अर्धा दिवस शेगडी बघावी लागत नाही. म्हणून भुशाची पोती. ती घरात ठेवली तर उंदीर होतात, म्हणून पुढच्या जिन्याखाली. त्यांच्यावर लाकडं, बाजूला रॉकेलचे डबे, आणि पायऱ्यांच्या कडेला सायकली. वर जायचं तर अंग चोरून जावं लागे. मागचा जिना तर रिकामा होता! पण त्याच्याखाली ठेवलेल्या भुशावर शिजलेलं अन्न खाणार कोण?

ताईची मुलगी तेव्हा रांगतही नव्हती. मी गेलो की ताई एकच गोष्ट काढायची.

"बाबू, खाली एखादी काडी पडली त मी पोरीले घेऊन उतरू कुठून?"

"मागून."

"मागून! मागं कुलूप हाय न. बडे बाबूले सांग न, दिवसा तरी उघडं ठेव म्हणा."

मी सांगितलं. एकदा नाही, दर खेपेला सांगितलं. बडे बाबूंचं उत्तर ठरलेलं. "दार उघडं ठेवलं आणि ती भर दुपारी वर चढून आली त? घरात बायामाणसं राह्यतेत." जिच्या येण्याशिवाय या लोकांचा एक दिवस निघत नाही, ती येईल याचंच भेव. भाऊजींना म्हटलं, तुम्ही बोला. ते बिचारे सदऱ्याची बटणं चाचपत म्हणाले, "तो माह्या वर बसते रे कचेरीत." मला त्यांचाही राग आला. अजून थोडा आहे.

मग ती दुपार. मी भरवेलीच्या खाणकामगार वस्तीत पत्रकं वाटून सायकलनं येत होतो, म्हटलं ताईकडे पाणी पिऊन पुढे जावं. कोपऱ्यावरूनच धूर दिसला. तळमजल्यावरच्या कोणत्या तरी घरातून शेगडीची राख जिन्याच्या तोंडाशी ओतली होती, तिच्यात निखारा असणार. भुसा भडकत नाही, तो आतून धुमसतो. जाळ हातभरही नव्हता, पण पिवळट, घशात काटे भरावे असा धूर भसाभसा वर चढत होता आणि जिना त्याला धुराड्यासारखा झाला होता. तळमजल्यावरचे आणि मधल्या माळ्यावरचे लोक बाहेर येऊन आरडत होते. दोघं-चौघं विहिरीच्या बादल्या आणून ओतत होते. पाणी पडलं की धूर आणखी.

मी बोळात पळालो. पत्र्याचं दार आतून थडाथड वाजत होतं.

"कोणी हाय का? दार उघडा न बापा! पोरगी हाय माह्यापाशी!"

ताई. पोरीला घेऊन लोखंडी जिन्यानं खालपर्यंत उतरली होती आणि कुलपाशी अडकली होती. वरून धूर त्या बाजूलाही यायला लागला होता.

मी ओट्याकडे धावलो. बडे बाबू कचेरीत. त्यांची बायको ओट्यावरच उभी, खांबापासून दोन हातांवर. चाबी तिच्या डोळ्यांसमोर खिळ्याला लोंबत होती. आणि ती, खोटं सांगत नाही, इकडेतिकडे कागद शोधत होती.

"काहून उभ्या राह्यल्या? ऐकू येत नाही का?"

"मी सोवळ्यात हावो न भाऊ, पूजा राह्यली माही. कागद दिसत नाही इथं..."

मी तिला काय बोललो ते लिहीत नाही. चाबी ओढून घेतली आणि पळालो.

दार उघडलं तशी ताईनं पोरगी माझ्या हातात कोंबली. मला वाटलं ती आता बाहेर येऊन खाली बसेल. ती उलट फिरली.

"कुठं चालली? ताई!"

"बुढी हाय वर. सूनही हाय."

समोरच्या बिऱ्हाडात पोस्टातल्या बाबूची म्हातारी आई आणि तिची सून, म्हणजे बाबूची बायको, राहायच्या. पुढचा जिना धुरानं भरलेला, मागचा उघडा, आणि त्या दोघी वर. पोरीला कोणाकडे द्यावं म्हणून मी बोळात बघतो तर बोळात माणूस नाही, सगळे पुढं तमाशाला. पोरगी छातीशी धरून वर तोंड करून उभा राहिलो. जिना उघड्यावरचा, वरचं सगळं ऐकू येत होतं.

"मी नाही येत त्या जिन्यानं," म्हातारी खोकत म्हणत होती. "देव ठेवीन तसं राहीन."

"चला न! मामंजी गेल्यापासून तुमचंच ऐकून राह्यली मी, आज माह्यं ऐका," सून रडत होती. "तुम्हाले सोडून मी कशी जाऊ?"

"तू जाशील त माह्यं तोंड पाहू नको."

मग ताईचा आवाज. इतका मोठा आवाज तिला आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

"बुढी, बाटाचंच हाय न तुले? मंग माह्या हातानं बाट!"

आणि लोखंडावर पावलं वाजली. ताईच्या पाठीवर म्हातारी, मागून सून, पदर तोंडावर. म्हातारीनं दोन्ही हात हवेत धरले होते. ताईच्या मानेला मिठी मारली असती तर तोल राहिला असता, पण कठड्याला हात लागू नये आणि ताईलाही लागू नये, म्हणून तिचे हात हवेत. तिचं सगळं अंग ताईच्या पाठीवर टेकलेलं होतं, तरी हात तेवढे हवेत! मी हे डोळ्यांनी पाहिलं. माणूस कशाकशानं वेडा होतो याची यादी केली तर हे मी सगळ्यात वर लिहीन.

तिघी बाहेर आल्या. म्हातारीला ओट्याच्या बाजूला बसवलं. तिचा श्वास जागेवर आला, डोळे पुसले आणि तिनं पहिलं काय मागितलं? पाणी. प्यायला नाही, आंघोळीला. आणि विहिरीवरून आगीसाठी येत असलेल्या बादल्या तिकडे वळल्या. खरंच वळल्या. पुढं भुसा धुमसत होता आणि इथं बायका म्हातारीवर बादल्या ओतत होत्या, मग सुनेवर. सुनेचे डोळे लाल. डोक्यावरून पाणी गळत असताना तिनं ताईकडे एकदा पाहिलं, काही बोलणार होती, पण सासू बघत होती. ताईला कोणी पाणी विचारलं नाही. ओतायला नाही आणि प्यायलाही नाही. माझ्या सायकलवरच्या बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं, ते मी तिला दिलं.

आग संध्याकाळपर्यंत विझली. कोणी मेलं नाही. "देवाची कृपा," सगळे म्हणाले. ताईचं नाव कोणी काढलं नाही.

आठवडाही झाला नसेल, पुढच्या जिन्याखाली भुशाची पोती परत लागली. काळ्या पडलेल्या भिंतीला टेकूनच लागली. मी बडे बाबूंच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, आता मागचं दार उघडं राहिलंच पाहिजे, नाही तर कलेक्टरकडे अर्ज, नाही तर या ओट्यासमोर सभा, काय पाहिजे ते सांगा. ओट्यावर बाकीचे बाबू होते, भाऊजीही होते, एका कडेला. ताई पोरीला घेऊन पायरीजवळ.

बडे बाबू शांत. "हौ न नेताजी, आमचाही तोच विचार. चाबी अशा जागी पाहिजे का कोणालेही लवकर भेटन." मग ताईकडे वळले. "बाई, चाबी तुम्हीच ठेवा. तुम्हाले चालते."

बाकीच्यांनी माना डोलवल्या. छान तोडगा निघाला म्हणून सगळे खूश! माझ्या डोक्यात रक्त चढलं.

"चालते म्हणजे? आम्हाले काय चालते?"

"अरे, गुस्सा काहून करतो? सोईचं बोलून राह्यलो."

"ताई, हात लावू नको त्या चाबीले!"

ताई पुढं झाली आणि तिनं खिळ्यावरची चाबी उचलली. सरळ हातानं, साखरेचा डबा उचलावा तशी. मी तिच्यामागं बोळात गेलो. तिथं भांडलो तिच्याशी. म्हटलं, हा अपमान आहे, तू घेतलास म्हणजे आपण सगळ्यांनी घेतला, यांनी सगळं तेच ठेवलं आणि कुलूप तेवढं तुझ्या गळ्यात घातलं.

"मले कळत नाही का?" ती म्हणाली. "तुले पत्रक काढाचं हाय, बाबू. मले इथं पोरगी वाढवाची हाय. खोली दुसरी देते का कोणी? सांग, देते का?"

देत नव्हतं कोणी.

तिनं कुलूप काढलं, साखळी ओढून काढली आणि दार सताड उघडं करून त्याला वीट लावली. बडे बाबूंनी ओट्यावरून हाक मारली, "बाई, उघडं ठेवू नका, कुत्रे शिरतीन!"

"शिरू द्या," ताई म्हणाली. "चाबी माह्यापाशी हाय न आता?"

दार तेव्हापासून उघडंच आहे. कुत्री खरंच शिरतात, बडे बाबूंकडून भाऊजींना कचेरीत टोमणे खावे लागतात, आणि या लोकांबद्दलची माझी किळस कमी झालेली नाही, होऊही नये. पुढच्या जिन्याखाली भुसा आहेच. तळमजल्यावरची राख अजून तिथंच ओततात. संध्याकाळी बोळात वारा असतो, म्हणून ताई पोरीला घेऊन लोखंडी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसते. समोरच्या बिऱ्हाडातली सून वरच्या दारात उभी राहून तिच्याशी बोलते, पोरगी चालायला लागली का विचारते, हसते. खाली येत नाही.