ज्याचा चेहरा त्याची फिल्म

कंपाउंडरकाकांची आणि माझी पहिली भेट एका कॅमेऱ्याच्या भात्यामुळे झाली. रोह्याच्या बाजारात भंगाराच्या दुकानात मला घडीचा जुना कॅमेरा मिळाला होता. झाकण उघडले की चामड्याचा भाता पुढे येतो आणि त्याच्या टोकाला भिंग असते, असा तो कॅमेरा. दुकानदार म्हणाला, "बिघडला तर माझ्याकडं आणू नको. पूल ओलांड आणि पलीकडं अष्टमी गावात कंपाउंडरला दाखव." मी दुसऱ्याच दिवशी गेलो. काकांनी मला मोरीत नेले, दार लावले आणि भात्याच्या आत छोटी विजेरी पेटवून धरली. अंधारात भात्याच्या घड्यांवर बारीक ठिपके चमकू लागले.

"बघ," काका म्हणाले, "कॅमेरा म्हणून आख्खं आकाश विकत घेतलंस."

त्या प्रत्येक ठिपक्यातून उजेड शिरून फिल्म खराब होणार होती. काकांनी जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचे तुकडे आतून चिकटवून भोके बुजवली. हे करताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुमच्या घरी थंड पाणी कुठं असतं?"

मी गोंधळून म्हणालो, "आईच्या माठात."

"मग तुला फिल्म धुता येईल." या बोलण्याचा अर्थ मला उन्हाळा आल्यावर कळला.

श्री. यशवंत हरी कोलाडकर हे त्यांचे पूर्ण नाव. रोह्यातील एका दवाखान्यात त्यांनी निवृत्तीपर्यंत कंपाउंडरचे काम केले, म्हणून ते सर्वांचे कंपाउंडरकाका. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहावे असे संपादकांनी सुचवले, तेव्हा मी आधी नको म्हटले होते. माझी शाळा नववीत सुटली. मी कंपनीत शिफ्टवर काम करतो. चूक छापली गेली तर ती कायमची राहते, याची मला धास्ती वाटते. तरी काकांच्या मोरीतले काम जवळून पाहिलेला माणूस म्हणून लिहितो. जे पाहिले ते पाहिले म्हणून आणि जे ऐकले ते ऐकले म्हणून सांगण्याची काळजी घेतली आहे.

काका आजही जुन्या कॅमेऱ्यांवर कृष्णधवल फिल्म वापरतात आणि ती घरीच धुतात. अंधाऱ्या खोलीची मोठी व्यवस्था त्यांच्याकडे नाही. मोरीच्या खिडकीला घोंगडी लावली की काम भागते. फिल्म डब्यात भरण्यासाठी त्यांच्या पत्नी सुमतीकाकूंनी छत्रीच्या कापडाची दुहेरी पिशवी शिवून दिली आहे. तिच्या बाह्यांत हात घालून काका भर दुपारी ओटीवर बसून, आल्यागेल्याशी बोलत, आत न पाहता फिल्म गुंडाळतात. रसायनांना ते औषध म्हणतात. बाटल्यांवर, पूर्वी दवाखान्यात मिक्श्चरच्या बाटलीवर असे तशी, कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असते, आणि प्रत्येक खाचेइतका एक डोस.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात नळाचे पाणी इतके कोमट असते की औषध लवकर चढते आणि चित्र काळे होते. फिल्मवरचे चित्र सरसासारख्या पातळ थरात असते. तो थरही कोमट पाण्यात मऊ पडतो. म्हणून काका माठाचे पाणी घेतात आणि डबा बर्फाच्या घमेल्यात ठेवतात. बर्फ येतो मासळी बाजारातून. सुमतीकाकूंची यावर कायमची तक्रार आहे. "घरात कांदा चालत नाही आणि मोरीला पापलेटाचा वास," असे त्या पाहुण्यांसमोर म्हणतात. काका ऐकतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथूनच बर्फ आणतात.

त्यांच्या स्वभावातला संयम मी पेणला पाहिला. गणपतीच्या एका कारखान्यात ते फोटो काढायला गेले होते, मी सोबत होतो. एक वयस्क कारागीर मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. प्रकाश चांगला होता, चेहरा चांगला होता, कॅमेरा तयार होता. काकांनी बटण दाबले नाही. कारागिरांनी ब्रश खाली ठेवला, मान मोकळी केली आणि विचारले, "काय कंपाउंडर, डोस दिलात का नाय?"

"तुमचा हात चालू होता. आवाज झाला असता."

"अवो, मागं रेडिओ बोंबलतोय त्याचा आवाज चालतो, तुमच्या टिचकीचा नाय?"

काका हसले, आणि कारागीर त्यांच्याकडे बघून हसत असतानाच टिचकी वाजली. तो फोटो या ग्रंथात आहे.

आता काकांच्या एका नियमाविषयी लिहितो, कारण पुढची हकिकत त्यावरच आहे. फोटो काढला की काका त्या माणसाला कागदावरची प्रत देत आणि सोबत निगेटिव्हही देऊन टाकत. स्वतःकडे काहीच ठेवत नसत. पैसेही घेत नसत. "ज्याचा चेहरा त्याची फिल्म," एवढेच म्हणत. यामागचे कारण मला सुमतीकाकूंकडून कळले. काकांच्या आईचा एकुलता एक फोटो एका स्टुडिओत काढलेला होता. स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकाने सगळ्या निगेटिव्ह फेकून दिल्या आणि घरातली प्रत पुढे वाळवीने खाल्ली. दुसऱ्याच्या आईचे असे होऊ नये म्हणून हा नियम. पेणपासून रोह्यापर्यंत शेकडो घरांत, तांदळाच्या कणगीमागे, देवघराच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यांत काकांच्या निगेटिव्ह पडून होत्या. हा त्यांचा अभिमान होता, जरी ते तसे कधी म्हणाले नाहीत.

एका पावसाळ्यात पेणच्या खाडीकडच्या भागात उधाणाच्या भरतीला बांध फुटला आणि खारे पाणी गावात शिरले. त्यानंतर काही दिवसांनी मी साप्ताहिक सुट्टी म्हणून काकांकडे बसलो होतो. दारात दोन बायका आल्या. पुढच्या वयस्कर बाईंच्या हातात लोणच्याची बरणी होती. त्या मिठागरावर काम करणाऱ्या चांगुणाबाई आणि मागे त्यांची सून रेवती. चांगुणाबाईंनी बरणी ओटीवर ठेवली आणि म्हणाल्या, "कंपाउंडर, माझ्या घरधन्याला आनलाय."

त्यांचे यजमान धर्मा बऱ्याच वर्षांपूर्वी वारले. त्यांचा एकच फोटो होता, काकांनी मिठागरावर काढलेला. भिंतीवरची प्रत पाण्यात फुगून लगदा झाली. निगेटिव्ह पेटीत होती, तीही भिजली. चांगुणाबाईंनी ती उचलली आणि बरणीत मिठाच्या थरात पुरून ठेवली. मीठ आता निम्मे विरघळून पाणी झाले होते.

सुमतीकाकूंना हसू आवरले नाही. "अगो बाय, खारवलास की काय त्यांना?"

"मंग काय करू? ही म्हनं, उनात वालवा. मी म्हनलं, उनात मासली वालवतात गो, नवरा नाय."

"आत्या, मी तुमच्या चांगल्यासाठीच म्हनलं," रेवती म्हणाली.

"व्हय, तू बोलू नको."

काका हसले नाहीत. ते बरणी उजेडात धरून फिरवत होते. चांगुणाबाईंचा आवाज बदलला. "तुमी तवा फोटू नि ही पट्टी, दोनी माझ्या हातात दिलीत. तुमची वस्तू तुमच्याकडं, म्हनलात. तुमच्याकडं ऱ्हायली असती तं आज मना हे घेऊन यावं लागलं नसतं. माझा नातू दोन वर्साचा हाय. त्याला आजा दाखवू कुठं?"

"खरं आहे," काका म्हणाले.

मग त्यांनी मला बर्फ आणायला पाठवले. मी परत आलो तेव्हा त्यांनी बेत ठरवला होता. तो त्यांनी चांगुणाबाईंना समजावून सांगितला. निगेटिव्ह एकदम गोड्या पाण्यात टाकली तर चित्राचा थर फुगून सुटेल आणि चेहरा पाण्यावर तरंगेल. म्हणून खारेपणा हळूहळू उतरवायचा. आधी थोडे कमी खारे पाणी, मग त्याहून कमी, आणि प्रत्येक पाणी बर्फाने गार ठेवलेले. वाचेलच असे सांगता येत नाही. हे शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा म्हटले.

"वाचली नाय तं?" चांगुणाबाईंनी विचारले.

"तर माझ्यामुळे गेली."

मोरीच्या दाराशी पाट मांडून चांगुणाबाई बसल्या. थाळीतले पाणी बदलले की त्या बोट बुडवून जिभेला लावत आणि सांगत, "अजून लय खारं हाय." काका थांबत. "आता भरतीच्या खाडीवानी." काका पुढचे पाणी घेत. शेवटच्या पाण्यापूर्वी काकांनी तुरटीच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घालून निगेटिव्ह त्यात ठेवली. तुरटीने थर घट्ट होतो. त्या वेळी एका कोपऱ्याचा थर सुटला. सुटलेला तुकडा त्यांनी ओढला नाही, पाण्याबरोबर जाऊ दिला. अखेरीस पन्हाळीखाली धरलेल्या पावसाच्या पाण्याने निगेटिव्ह धुऊन दोरीला चिमट्याने टांगली.

ती मिठाने वाचली, थंड पाण्याने, की तुरटीने, हे मला ठरवता येत नाही. काकांनाही विचारले. ते म्हणाले, "मीठ नसतं आणि सुनेचं ऐकून उन्हात टाकली असती, तर माझ्याकडं आणायला काहीच नव्हतं." रेवतीने हे ऐकून पदर तोंडाला लावला, पण चांगुणाबाईंनी तिच्याकडे विजयाने पाहिले नाही. त्या दोरीकडे पाहत होत्या.

निगेटिव्ह वाळल्यावर काकांनी कागदावर प्रत काढली. खिडकीला घोंगडी, वर तांबडा दिवा, थाळीत कागद. आधी मिठाच्या ढिगाची कड उमटली, मग डोक्याचे फडके, मग चेहरा. डावा खांदा नव्हता. थराबरोबर तो गेला होता.

"आला," चांगुणाबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने काकांकडे वळल्या. "खांदा गेला तं जाऊं दे. त्या खांद्यानं लय वाह्यलं."

त्यानंतर काकांनी जे केले, त्यासाठी मला हा लेख लिहावासा वाटला. त्यांनी त्या प्रतीचा पुन्हा कॅमेऱ्यावर फोटो काढला, म्हणजे दुसरी निगेटिव्ह तयार झाली. मग विचारले, "बाय, मूळ तुमचीच. ही नक्कल मी ठेवली तर चालेल?"

चांगुणाबाईंनी घराच्या मागे वाहणाऱ्या कुंडलिकेकडे मान केली. "तुमच्याकडं पानी येत नाय?"

"येतं."

"मंग?"

काका माझ्याकडे वळले. माझे घर रोह्याच्या बाजूला चढावर आहे. अशा रीतीने धर्माबाबांची नक्कल माझ्या कपाटात आली. आईने विचारले, "कोण हे?" मी सांगितले. "मग नीट ठेव," ती म्हणाली आणि तिने वरचा कप्पा रिकामा करून दिला.

काकांनी सत्तरी ओलांडल्यावर आपला नियम बदलला, हे मला त्यांच्या सगळ्या फोटोंपेक्षा मोठे वाटते. आयुष्यभर ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला, तीत उणे आहे हे त्यांनी एका वाक्यात मान्य केले आणि कामाला लागले. ते आणि मी जमेल त्या सुट्टीला कॅमेरा घेऊन घरोघर गेलो. जुनी निगेटिव्ह शोधायची, तिची नक्कल करायची, मूळ जागेवर ठेवायची आणि नक्कल दुसऱ्या गावातल्या एखाद्या घरी सांभाळायला द्यायची. नागोठण्याला अंबा नदीचा पूर येतो, म्हणून तिथल्या नकला कासूला. कासूच्या पेणला. सगळे राजी झाले असे नाही. कासूला एक शेतकरी म्हणाले, "आमचा आजा दुसऱ्याच्या घरी कशाला? त्यानं सासरवाडीला कधी मुक्काम केला नाय." दुसरीकडे एका आजीबाईंनी नक्कल घेतली आणि विचारले, "पावना ठेवायचा तं ठेवते. च्या द्याची का?" काकांनी गंभीरपणे सांगितले, "नको. फक्त ओल लागू देऊ नका."

या ग्रंथातले फोटो अशा घरांतून गोळा झाले आहेत. ज्यांच्याकडे मूळ होती त्यांनी ती दिली. दोन ठिकाणी मूळ खराब झालेली निघाली, तेव्हा दुसऱ्या गावच्या नकलेने काम भागले.

पहिल्या पानावरचे काकांचे छायाचित्र मी काढले आहे. त्यांच्याच दोन भिंगांच्या कॅमेऱ्यावर, जो छातीशी धरून वरून पाहावा लागतो. मी प्रकाश पुन्हा पुन्हा मोजत होतो. काका कंटाळले. "दाब रे आता. इथंच बसून शंभरी गाठीन."

"गाठा," मी म्हणालो, आणि घाई केली नाही.

फिल्म नियमाप्रमाणे त्यांची, त्यांना दिली. नक्कल कुठे ठेवावी याचा विचार चालला असताना चांगुणाबाईंचा निरोप आला की ती आमच्याकडे पाठवा. आता ती त्यांच्याकडे आहे, नव्या बांधाच्या आत, घराच्या माळ्यावर. नक्कल बाहेर काढायची ती मूळ हरवल्यावर. म्हणून या पंचाहत्तरीला माझे मागणे एवढेच आहे की, चांगुणाबाईंना तो डबा उघडण्याची वेळ फार फार वर्षे येऊ नये. मूळ अष्टमीत आहे, सकाळी पुलावरून चालत बाजारात जाते आणि बर्फ घेऊन परत येते. त्या चालण्याला निरोगी दीर्घ आयुष्य लाभो.