आमच्या शाळेत नसलेली मुलगी

हसणार असाल तर आधी कप खाली ठेवा, चहा अंगावर सांडेल. कारण माझी एवढी शोभा आयुष्यात कधी झाली नव्हती, आणि ती मी स्वतःच, भर दुपारी, खणखणीत आवाजात करून घेतली!

मी मेढ्याजवळच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. मे महिना आला की आम्ही शिक्षक वाड्यावस्त्यांवर पोरं शोधत फिरतो. आता बघा, सगळ्या देशाचा विचार केला तर हायस्कुलात जाणारी मुलं पिढ्यान्‌पिढ्या वाढतच आलीत. पण आमच्या डोंगरातली घरं गेली पुण्या-मुंबईला, आणि उरल्या घरात एखादंच पोर! पट घसरला की तुकडी तुटते, आणि तुकडी तुटली की एक मास्तर ‘अतिरिक्त’ ठरतो. यंदा तो मान माझा, अशी शाळेत कुजबुज होती.

म्हटलं, बघतोच! पोरं कशी आणायची ते मला शिकवता?

पहिल्याच वस्तीवर, एका अंगणात, तेरा-चौदा वर्षांची मुलगी मिरच्यांची देठं मोडत बसलेली. ठसका लागू नये म्हणून ओढणी नाकातोंडावरून गुंडाळलेली. दिसत होते ते फक्त डोळे. शेजारी तिचे वडील, शंकरदादा, दोरी वळत होते.

हायस्कुलाच्या वयाची मुलगी आणि पुढ्यात मिरच्यांचा ढीग! आणखी काय पुरावा हवा? शाळा सुटलेली असणार!

“दादा, मी हायस्कुलातून आलोय,” मी सुरू केलं. “एके काळी सातवी झाली की पोरगी घरी बसायची. आज देशभर मुली दहावीपर्यंत पोचतायत. कित्येक ठिकाणी मुलांच्याही पुढं! आणि तुम्ही हिला मिरच्या निवडायला बसवलंय?”

मुलगी माझ्याकडं टकामका बघत होती. “घाबरू नकोस बाळ, तुझ्यासाठीच आलोय,” मी म्हणालो.

“आवं, पर ती जाती की साळंला,” शंकरदादा म्हणाले.

“कुठल्या?”

“तुमच्याच.”

इथं कुठलाही शहाणा माणूस थांबला असता की नाही? पण अशा थापा मारणारे पालक मी काय कमी पाहिलेत!

“दादा, मला बनवू नका. आमच्या शाळेतलं एकेक पोर मी चेहऱ्यानं ओळखतो. ही मुलगी आमच्या शाळेत नाही!”

शंकरदादांच्या हातातली दोरी गळून पडली.

“न्हाई?”

“नाही म्हणजे नाही!”

“मंग ही वरीसभर दप्तर घिऊन जाती कुठं?” ते मुलीकडं वळले. “अशे! कुठं जातीस गं रोज?”

आरडाओरडा ऐकून आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. “काय झालं वं?”

“पोरगी साळंत न्हाईच म्हणं!”

“आगं बया! मंग रोज डब्यात दोन भाकरी नेती, त्या घालती कुणाला?”

अशी, म्हणजे अश्विनी, रडकुंडीला आली. आईनं कपाळाला हात लावला, तोही पिठाचाच. आता प्रकरण हाताबाहेर चाललेलं बघून मी आणखीनच जोरात आलो. “वहिनी, शांत व्हा! याचा छडा मी लावतो!” असं म्हणून ताडकन उठलो, समोरच्या सरपंचांच्या घराकडं तोंड केलं आणि त्यांना हाका मारू लागलो.

एवढ्यात मागून किंकाळीच आली.

“आबा! ह्येच सर हायत की! आमचं भूगोलाचं सर!”

वळून बघतो तर पोरीनं ओढणी ओढून काढलेली. “मी आठवी ब मधी हाय. पयल्याच बाकावर बसती!”

मी तो चेहरा निरखून पाहिला. नाक, कपाळ, हनुवटी. शपथेवर सांगतो, सगळं नवीन!

शंकरदादांनी आधी सुटकेचा निःश्वास सोडला. मग माझ्याकडं बघितलं. “सर, वरीसभर शिकवलं आन् तुमी हिला वळखलं कसं न्हाई?”

अखेर अश्विनीलाच माझी दया आली.

“आबा, त्यांस्नी काय बोलू नगा. सर कायम फळ्याकडं त्वांड करून शिकवत्यात. मला तरी कुठं वळखू आलं? आत्ता पाठमोरं झालं, तवा खात्री पटली!”