जानेवारीतली तीनची टूर

किल्ल्यात गाइडचं काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. बुटांच्या चिखलासारखे ते आपोआप घरी येतात.

शाळा-कॉलेज पुण्यात मावशीकडे झालं. आई-बाबा इंग्लंडात, वॉटफर्डला डॉक्टर. नव्वदच्या सुमाराला मी त्यांच्याकडे परतले, ती लोकांना खरा इतिहास सांगायचाच असं ठरवून. तासाभरावर एका म्हाताऱ्या लॉर्डच्या किल्ल्यात नोकरी लागली. इंग्लंडात माझ्या वयाचं ओळखीचं कुणी नव्हतं. टूरमध्ये जेवढं बोलायचे, तेवढंच माझं दिवसभराचं बोलणं.

*

बाबांचे मित्र जोशीकाका हौसेनं किल्ला बघायला आले. "गाडी थेट दारापर्यंत? दम लागला नाही तर कसला गं किल्ला!"

मी बुरजावर चढायचा आग्रह केला, तर म्हणाले, गुडघे दुखतात.

*

बुरूज आठशे वर्षांचा, पण वरचा दातेरी कठडा लॉर्डच्या पणजोबांनी निव्वळ शोभेसाठी बांधलेला. एका आजोबांना हे मी तावातावानं पटवून दिलं.

ते शांतपणे म्हणाले, "वडिलांनी मला इथंच उभं करून या कठड्यावरची लढाई सांगितली होती. आज तू जिंकलीस."

*

कुटुंब घरी असलं की बुरजावर झेंडा लावायची पद्धत. ते काम माझं. लॉर्डच्या पत्नी वारल्या, मुलं कधीच ऑस्ट्रेलियाला गेलेली. एका सकाळी लॉर्डचा फोन आला, झेंडा उतरव. मी विचारलं, बाहेर जाताय का?

"नाही, मी घरीच आहे. पण झेंडा कुटुंबासाठी असतो."

*

जानेवारीत आमच्या सुपरवायझर मार्गारेटनं सांगून टाकलं की, या रविवारी तीनच्या टूरला कुणी आलं नाही तर हिवाळाभर टूर बंद. मग मी तळघरात एकटी फायली लावत बसणार.

तीन वाजले. दारात कुणीच नाही. पाच मिनिटांनी लॉर्ड आले, हातात रीतसर काढलेलं तिकीट. मी मार्गारेटकडे बघितलं. ती म्हणाली, माणूस म्हणजे माणूस, कर सुरू.

मी एक शब्द गाळला नाही. त्यांच्याच घराच्या नॉर्मन भिंती, ट्यूडर खिडक्या, जॉर्जियन जेवणघर, सगळं त्यांना दाखवलं. ते टोपी हातात धरून ऐकत होते. प्रत्येक टूरच्या शेवटी म्हणायचं ठरलेलं वाक्य सवयीनं तोंडातून गेलंच, "हे कुटुंब आजही इथंच राहतं. कुणाला काही प्रश्न?"

लॉर्डनी हात वर केला.

"कसे आहेत ते सगळे?"