कोंबडी मुरायच्या आधी

भाऊजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मिरच्यांचे देठ खुडत होते. डोळ्यांत पाणी आधीच होतं, रडायला वेगळी सुरुवात करावी लागली नाही... आता महिना उलटला. दत्तू भाऊजी माझे धाकटे दीर, आणि खरं सांगते, त्यांची आठवण आली की मला आधी हसूच येतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात ते घरात कुणाला न सांगता आमच्या तामलवाडीहून करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका चुकवून सोलापूरला गेले आणि फौजेत भरती झाले. इकडं निजामाचं राज्य, तिकडं इंग्रजाचं. पोरगं आपल्याला टाकून परमुलखात गेलं, हे माझ्या सासऱ्यांच्या, मामंजींच्या, मनाला फार लागलं. लढाई संपून भाऊजी परतले तरी मामंजी त्यांच्याशी बोलेनात. समोर उभे असले तरी मला सांगायचे, "बैलं पाण्यावर न्यायला सांग त्याला." भाऊजी मुकाट बैल सोडायचे.

मिसर देशातल्या छावणीत त्यांची जमैका नावाच्या बेटावरच्या एका शिपायाशी गट्टी जमली होती. गोऱ्यांच्या अळणी जेवणाला दोघंही विटलेले. त्या गड्यानं भाऊजींना आपल्याकडची कोंबडी शिकवली. जहाल मसाला चोळून रात्रभर मुरवायची आणि ओल्या लाकडाच्या धुरावर भाजायची. भाऊजींनी ठरवलं, ही आबांना, म्हणजे मामंजींना, खाऊ घालायची. तोंड पोळल्यावर तरी बोलतील!

एका रविवारी सकाळी कोंबडी कापली. मी पाट्यावर लवंगी मिरची, लसूण, आलं, लवंग, दालचिनी, ओवा वाटला. माझे हात नुसते पेटले होते. वर लिंबू आणि गूळ. भाऊजींनी तुकड्यांना चिरा देऊन मसाला चोळला, पातेल्यावर ओलं फडकं बांधलं आणि खुशीत म्हणाले, "वैनी, आता उद्या भाजायची."

"उद्या?" मी म्हटलं. "आवो, उद्या सोमवार, महादेवाचा. परवा मंगळवार, देवीचा! बुधवारपतुर नासंल की!"

भाऊजींचा चेहरा पडला. आमच्या घरात मांस चालणारे वार दोनच, रविवार आणि बुधवार. बाकीचे देवांनी वाटून घेतलेले. सकाळी कापली की दुपारी ताटात, असाच आमचा रिवाज. मधे रात्र येते हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, आणि फौजेत कसले वार पाळतात? ते पातेल्याजवळ डोकं धरून बसले. "आत्ताच भाजली तर मसाला आत जायचा न्हाय, वैनी. आबा एक घास खाऊन उठत्याल. मग बोलायचं तर लांबच..."

ऊन उतरायला लागलं. मामंजी बाजेवरून सगळं ऐकत होते. ते उठून आले, फडकं उचलून पातेल्यात डोकावले, आणि माझ्याकडं न बघता थेट लेकाला म्हणाले, "रविवार आजून सरला न्हाय. पेटव की!"

भाऊजी जे पळाले ते परसातल्या पेरूची ओली फांदी तोडायला. धुरानं सारी गल्ली खोकायला लागली. मामंजींनी पहिला तुकडा तोंडात घातला, नाकाडोळ्यांतून धारा, तांब्या रिकामा. "लई तिखट हाय रं," म्हणाले, "दे आजून एक." मग हाडूक चोखत विचारलं, "त्या बेटावर पाऊसपाणी कसं असतंय?" अंधार पडेपर्यंत बापलेक बोलत बसले. माझ्या हातांची आग होत होती, तरी काहीतरी निमित्त काढून मी सारखी परसात जाऊन ऐकत होते. इतका आनंद मला त्या घरात आधी कधी झाला नव्हता.

पुढंही आमची कोंबडी कधी रात्रभर मुरली नाही. वार आडवे यायचे आणि भाऊजींनाही आता त्याची गरज वाटत नव्हती. मामंजी गेल्यावर ते पहिला तुकडा पळसाच्या पानावर त्यांच्या नावानं ठेवायचे, आणि तिथंच बसून आठवडाभराचं काहीबाही सांगत राहायचे. आम्ही सगळे हसायचो.

मागच्या रविवारी मी ती कोंबडी भाजली. पहिल्यांदाच दोन पानं मांडली, शेजारी शेजारी. एकेक तुकडा ठेवला, म्हटलं, "बसा आता दोघं बोलत." आणि मी आत निघून आले.