कोलरीण ओ देत नाही

आमच्या टिरोलच्या खोऱ्यात नाव माणसाचं नसतं, घराचं असतं. कोलर म्हणजे कोळसा पाडणारा. कोलरांच्या घरात कोळसा पाडणं बंद होऊन किती पिढ्या लोटल्या देव जाणे, पण त्या घरात राहील तो कोलर आणि त्याची बायको कोलरीण. मी मेस्नरांच्या घरातली, म्हणून मेस्नरीण. माझी शेजारीण खिंडीपलीकडून लग्न होऊन आली, तेव्हा तिला नाव विचारायची कोणाला गरजच वाटली नाही. उंबरठा ओलांडला आणि झाली कोलरीण.

बाई तोंडाने तिखट आणि हाताने सढळ. गाईला शिव्या घालायची आणि त्याच गाईला आपल्या ताटातला पाव भरवायची. माझा तिच्यावर फार जीव. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, गुडघ्यांनी दगा दिला. मग पुतण्याने घर विकलं आणि तिला खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात ठेवलं.

महिन्याभराने मी घरचं चीज घेऊन भेटायला गेले, तर परिचारिकेने दारातच गाठलं.

"प्लांगरबाईंचं काही खरं नाही हो. कितीही हाका मारा, ढिम्म! दुपारी डॉक्टर येतायत. बहुतेक वरच्या मजल्यावर हलवतील."

ही कोणाबद्दल बोलतेय तेच मला क्षणभर कळेना. कळलं तेव्हा तशीच आत धावले. वरच्या मजल्यावर भान हरपलेली माणसं ठेवतात आणि दाराला बाहेरून कुलूप असतं.

कोलरीण खुर्चीत बसली होती. मी ओरडले, "कोलरीण!"

"किंचाळतेस कशाला? बहिरी नाही मी."

"मग ह्या पोरी हाका मारतात तर ओ का देत नाहीस?"

"मला? मला कुठे हाका मारतात? त्या कोणा प्लांगरला मारतात." तिने खिडकीजवळच्या म्हातारीकडे हनुवटीने खूण केली. "ती असणार. काय शिष्ट बाई आहे! पोरी बिचाऱ्या घसा फोडतात, पण ही वळून बघेल तर शपथ."

"अगं बाई, प्लांगर तू! नवऱ्याचं आडनाव ना ते?"

ती विचारात पडली. "असेल. पेन्शनच्या कागदावर असायचं खरं. पण त्या नावाने मला जेवायला कोणी बोलावलं नाही कधी."

मला हसू आवरेना. "थांब, त्यांना सांगते, हिला कोलरीण म्हणा."

"मुळीच नाही. घरात कोण आलंय आता?"

"इन्सब्रुकचं तरुण जोडपं."

"मग कोलरीण ती. घर तिचं, नाव तिचं. मी कशी लावू?"

हट्टाला पेटली की बैलाने ओढली तरी हटणार नाही अशी बाई. इकडे डॉक्टरांची वेळ होत आलेली. मी चिडून म्हटलं, "अगं, मग तुला म्हणायचं तरी काय? तुझं तुझं असं नाव काय?"

आणि विचारता विचारताच मला माझी लाज वाटली. कुंपणाला कुंपण लावून आमचं आयुष्य गेलं होतं.

"रोझिना," ती हळूच म्हणाली.

"नवरा म्हणायचा?"

"छे! तो कोलरीणच म्हणायचा. भांडण झालं की कोलरीणबाई. रोझिना म्हणायची माझी आई." मग माझ्याकडे बघून, "आणि तुझं गं?"

"हिल्डेगार्ड."

"शोभत नाही तुला."

मी धावत जाऊन परिचारिकेच्या कानावर सगळं घातलं. डॉक्टर आले, पोरगेलेच होते. परिचारिका त्यांच्याशी काहीतरी कुजबुजली. ते दारातच थांबले आणि त्यांनी हाक मारली, "रोझिना!"

"ओ, आले!" म्हणत ती दुखरे गुडघे विसरून उठायला लागली. डॉक्टरांनी पुढे होऊन तिला धरलं. वर कोणी कोणाला नेलं नाही. घरी येताना बसमध्ये मी मात्र पोटभर रडले. तिच्यासाठी, आणि खोटं कशाला बोलू, थोडी हिल्डेगार्डसाठीही.