मला ऐकू येत होतं

त्या वर्षी आमच्या गावातली निम्मी घरं कुलूपबंद होती. ऊस तोडायला गेलेली माणसं पाडवा झाला तरी परतली नव्हती. येऊन प्यायचं काय, हा प्रश्न होता. जे गावात राहिले त्यांची जनावरं चारा छावणीत होती, आणि जनावरांमागं घरातलं एकेक माणूसही. माझा नवरा दोन गाई आणि एक कालवड घेऊन तिकडंच राहायला गेला होता. गावच्या दूध सोसायटीचं केंद्र बंद पडलं होतं, कारण दूधच नव्हतं. सोसायटीचा टेम्पो आमच्या गल्लीच्या तोंडाशी नुसता उभा असायचा.

घरात आम्ही तिघी. मी, सासू आणि माझी चार महिन्यांची लेक. सासूला मी आत्या म्हणायचे. त्या टँकरच्या नंबराला जायच्या, मी लेकीला बघायची. दिवसभर पत्रे तापायचे. रांजणाजवळची भुई तेवढी गार, म्हणून मी लेकीला घेऊन तिथंच गोधडी टाकायची. गारवा काही फक्त माणसालाच हवासा असतो असं नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

एके दिवशी पहाटे पोटात कळ येऊन जाग आली. लेकही कुरकुरत होती. तिला पाजायला घेतलं, पण बसवेना, पोट पिळवटून निघत होतं. आत्यांनी ओव्याचं पाणी केलं. "रातचं शिळं बाधलं आसंल," त्या म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं.

उजाडलं तशा पापण्या जड झाल्या. दारासमोरचं लिंबाचं झाड दोन दिसायला लागलं. ओव्याचं पाणी तोंडात घेतलं ते घशाखाली उतरेना, नाकातून बाहेर आलं. बोलायला गेले तर जीभ वळेना.

"डोळे उघड की गं," आत्या म्हणाल्या. "आशी झोपंत बोलल्यावानी कावून करायलीस?"

मग त्या घाबरल्या. टेम्पोवाल्याला हाका मारत गल्लीत पळाल्या. त्यानं हौद्यात गोधडी टाकली, दोघांनी मला उचलून आडवं केलं. आत्या लेकीला छातीशी धरून माझ्या उशाला बसल्या. हौद्यात अजून जुन्या दुधाचा आंबूस वास होता.

जवळच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी माझ्या पापण्या बोटानं वर केल्या, मान उचलायला सांगितली. मान उचलेना. त्यांनी विचारलं, "रात्री झोपल्या कुठं होत्या?"

"भुईवरच," आत्या म्हणाल्या.

"मण्यार असणार. ती चावलेली कळतही नाही." माझ्या कोपराजवळ टाचणी टोचल्यासारखं काहीतरी होतं, ते त्यांनी आत्यांना दाखवलं. सलाईन लावता लावता त्यांनी विचारलं, "बाळ कुठं होतं?"

"हिच्या कुशीत. आन् सकाळी पाजलंय बी की वो साहेब."

डॉक्टरांनी लेकीलाही तपासलं. तिच्यात काही दिसत नव्हतं, तरी ते म्हणाले, "दोघींनाही अंबाजोगाईच्या मोठ्या रुग्णालयात न्या. बाळ नजरेखाली राहू द्या."

ॲम्ब्युलन्समध्ये लेक आत्यांच्या मांडीवर झोपलेली होती. तोंड थोडं उघडं. त्या वेळेला ती कधीच झोपायची नाही. मी तिच्याकडं बघत राहिले. बघता बघता माझ्या पापण्या मिटल्या त्या मिटल्याच. आत्यांना 'तिला हलवून बघा' म्हणायचं होतं. ओठसुद्धा हलले नाहीत.

पुढचं सगळं मी फक्त ऐकलं. स्ट्रेचरची चाकं, "बाजूला व्हा, बाजूला व्हा," आत्यांचा "माझी सून हाय वो" असा रडवेला आवाज, मग दार लागलं आणि तो आवाज बाहेर राहिला. श्वास अपुरा पडायला लागला. घशात नळी गेली ती मला कळली. त्यानंतर माझा श्वास मशीन घ्यायला लागलं, त्याच्या लयीत, माझ्या मनाला येईल तसा नाही.

लोकांना वाटतं अशा वेळी माणूस बेशुद्ध असतं. मी नव्हते. मला चादरीची सुरकुती पाठीखाली टोचत होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा खोकला ऐकू येत होता. कुणीतरी म्हणालं, "हिचं काय खरं दिसत न्हाई." त्यावर तिथल्या डॉक्टरांचा आवाज आला. "तिच्यासमोर जपून बोला. विषानं अंग लुळं पडलंय, पण ऐकू येत असेल तिला. ही यातून उठते." तो आवाज मी आजही विसरलेले नाही. पण त्यांनी जे सांगितलं ते माझ्याबद्दल होतं. लेकीबद्दल कुणीच काही बोलत नव्हतं.

मी एकच गोष्ट घोळवत पडून होते. सकाळी मी तिला पाजलं. विष माझ्या अंगात होतं. दुधात उतरलं असेल का? की ती मण्यार आधी तिच्याकडंच गेली होती? ती का झोपली होती तशी? ओरडावंसं वाटायचं आणि ओरडायला माझ्याकडं काहीच नव्हतं. साधं बोटही नव्हतं. असं एकटेपण मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि माणसं तर माझ्या हाताच्या अंतरावर होती.

त्यात दूध दाटलं. छाती दगडासारखी झाली, काखेपर्यंत ठणका लागला. बाहेर कुठंतरी मूल रडलं की पान्हा फुटायचा आणि अंगावरचं कापड भिजायचं. शरीर लुळं, पण तेवढं काम त्याचं चालूच होतं.

एक सिस्टर होती, आवाजावरून पोक्त वाटायची. कपडे बदलायला आली आणि थबकली. "आगं बाई, ही लेकुरवाळी हाय." तिनं गरम पाण्यात फडकं पिळून छातीला शेक दिला, मग हळूहळू दूध काढायला लागली. आधी इतकं दुखलं की मी मरून जावं असं वाटलं, मग सुटल्यासारखं झालं. स्टीलच्या भांड्यात धार वाजत होती.

"टाकावं लागतंय गं हे," ती म्हणाली. "विषाचा आन् औषधाचा भरवसा न्हाई, डॉक्टर म्हणले." मग कानाशी वाकून म्हणाली, "ऐकू येतंय का तुला? येत आसंल तर पायाचा अंगठा हलव."

मी सगळा जीव अंगठ्यात नेला. हलला की नाही मला कळलं नाही. पण तिला दिसला.

"हलला! डॉक्टर, हलला!"

मग ती येता-जाता विचारायची. दुखतंय का? कूस बदलू का? तहान लागली का? मी अंगठा हलवायची किंवा नाही हलवायची. जो प्रश्न मला हवा होता तो काही ती विचारत नव्हती. दिवस गेला का रात्र गेली हेही मला कळत नव्हतं. पुन्हा एकदा दूध काढायला बसली तेव्हा हात थांबवून ती म्हणाली, "लेकरू कुठाय मग हिचं?" आणि उठून गेली.

ती परत येईपर्यंतचा वेळ मला सांगता येणार नाही.

"पोरगी बरी हाय तुझी," ती कानाशी म्हणाली. "लेकरांच्या वॉर्डात ठिवली व्हती, काय बी झालं न्हाई तिला. सासूजवळ हाय. पाय झाडती नुसती."

माझ्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानात उतरलं. तिनं ते पुसलं आणि तशीच उशाशी बसून राहिली.

नवऱ्याला छावणीवर निरोप गेला होता. तो आला. खाटेशी बराच वेळ उभा होता. त्याच्या अंगाला कडब्याचा वास होता, त्यावरूनच मी ओळखला. त्याला वाटत होतं मी ऐकत नाही, तरी बोलायला तर पाहिजे. शेवटी म्हणाला, "गाईला चारा बरा मिळायलाय. कालवड जरा खंगली." पुढं म्हणाला, "येतो मग." त्याचा हात माझ्या कपाळावर क्षणभर टेकला. जनावरं दुसऱ्याच्या भरवशावर सोडून आला होता, त्याला परतावंच लागणार होतं. मला समजत होतं. तरी त्याच्या चपलांचा आवाज दूर जाताना मी अंगठा हलवत राहिले. तिकडं कुणी बघत नव्हतं.

पापण्या हळूहळू उघडल्या. पहिल्यांदा दिसला तो छताचा पंखा. पुढं नळी निघाली, घोगरा का होईना आवाज आला, मला साध्या वॉर्डात हलवलं. तिथं आत्या लेकीला घेऊन आल्या. मी हात पुढं केले. लेकीनं माझ्याकडं पाहिलं, ओठ काढले आणि आत्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"इसरली व्हय गं आईला," आत्या हसत म्हणाल्या. मला हसू आलं नाही.

माझ्या माघारी तिला पाजलं होतं लेकरांच्या वॉर्डातल्या एका ऊसतोड बाईनं. तिचं स्वतःचं मूल तिथं तापानं पडलं होतं. आत्या तिला आधीच म्हणाल्या होत्या, "आमी बौद्ध हाव, बाई." ती म्हणाली, "मग? आणा की हिकडं, रडायलीय किती." तिला भेटायचं म्हणून मी भिंत धरत त्या वॉर्डापर्यंत गेले तेव्हा ती मूल घेऊन गेली होती. कोणतं गाव, कुणाची कोण, आत्यांनी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी पाजायला परवानगी दिली, पण माझं दूध आटत चाललं होतं. लेक अंगावर घेतली की पाठ ताणून रडायची. सिस्टर म्हणायची, "लावत राहा, यील." घरी आल्यावरही मी लावत राहिले. आता आम्ही बाजेवर झोपायचो. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी अर्धवट झोपेत तिनं आपणहून तोंड लावलं. दूध थोडंच होतं. वरचं चालूच ठेवावं लागलं, पण त्या दिवसापासून ती पुन्हा माझी झाली.

मला सगळं ऐकू येत होतं, हे मी गावात सांगितलं तर बायका म्हणायच्या, "सपान पडलं आसंल." नवराही म्हणाला, "बेशुद व्हतीस तू." कालवड खंगल्याचं तो खाटेशी म्हणाला होता, ते मी त्याला ऐकवलं तेव्हा त्यानं माझ्याकडं पाहिलं, पण तो विषय पुन्हा काढला नाही. मग मीही सांगायचं सोडून दिलं.

आत्यांनी मात्र विश्वास ठेवला. एकदा आम्ही दोघी दारात डाळ निवडत बसलो होतो. सूप हातातच धरून त्यांनी विचारलं, "मी तिथं दाराबाहीर बसून काय म्हनत व्हते, ते बी ऐकलंस का गं?"

"नाही आत्या. दार लावलेलं होतं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या.